गर्डरची सावली

"गर्डरचं काय घेऊन बसलात? सांगा, आख्खा शीळफाटा उचलून वर ठेवतो," मेट्रो पुलाचा साइट मॅनेजर अनिमेष ट्रॅफिक हवालदाराला म्हणाला. भर दुपारी हायवे अडवलेला, दोन्हीकडे गाड्या कोकलत होत्या.

क्रेनने उचललेला गर्डर अलगद दोन खांबांवर बसला. टाळ्या पडल्या.

त्याची सावली मात्र त्याच्याबरोबर सरकली नाही; खाली रस्त्यावरच राहिली, गर्डर घेऊन आलेला ट्रेलर उभा होता तिथे.

ट्रेलर केव्हाच गेला होता.

"साहेब, नारळ फोडला नाय ना आपण," क्रेनवाला कमलेश पुटपुटला.

"अरे, तो नेत्यांच्या हातून फुटणारे. आधी फोडला तर रुसतील ना ते!"

अनिमेष हसत हसत सावलीपाशी वाकला. डांबर भाजत होतं. सावलीच्या कडेला त्याचं बोट गार पडलं. तो हसायचा थांबला.

"उघडू ना रस्ता?" हवालदार ओरडला. "आज वेळ चुकली तर परत ब्लॉक विसरा. तुमची नोकरीपण!"

अनिमेषने वर पाहिलं, खाली पाहिलं.

"उघडा," तो म्हणाला. "सावलीच तर आहे."

कांद्याचा टेम्पो सगळ्यांच्या पुढे सुसाट निघाला. सावलीवर आदळून त्याचं तोंड चेपलं.