पात्याची मूठ

ऐरण टेम्पोत चढवायला चार माणसं लागली आणि चौघांच्याही तोंडाला फेस आला. सूनबाई कमरेवर हात ठेवून शेडच्या दारात उभी होती. ऐरण नेणारा लोखंडी फाटकं बनवणारा वेल्डर होता. दोरी आवळता आवळता तो म्हणाला, "ताई, नक्की ना? मागनं हळहळ नको."

"न्या हो," ती म्हणाली. "आमच्याकडे आता तिच्यावर घाव घालणारं कोण आहे?"

टेम्पो गेला. शेडमधल्या लाकडी ठोकळ्यावर ऐरणीच्या बुडाचा चौकोन तेवढा उरला.

घरामागची ती शेड म्हणजे सासऱ्यांचं राज्य. गिऱ्हाइकाच्या हाताचं माप घेऊन ते एकेक सुरी घडवायचे. आचारी, खाटीक, माळी, चांभार, सगळे त्यांच्या दारात. पोटच्या मुलाला मात्र लोखंडाचं वावडं. तो टपाल खात्यात चिकटला आणि सुटला. एके दिवशी भाता मारायला कुणी नव्हतं म्हणून सूनबाई बाह्या सरसावून बसली, ती अकरा वर्षं तिथून उठलीच नाही.

शिकवताना म्हाताऱ्याने हात आखडता घेतला नाही. शेडला खिडकी का नाही, तर उजेडात तापल्या पोलादाचा रंग फसवतो. पातं कडक व्हावं म्हणून त्याला पाणी कधी द्यायचं तेही सांगितलं. म्हणायचं पाणी आणि बुडवायचं तेलात, यावर दोघं पहिल्या दिवशी पोट धरून हसली होती. सगळं दिलं. एक मूठ काही दिली नाही.

कारण त्या शेडचा कायदाच तसा होता. पातं पसंत पडलं तरच त्याला मूठ, आणि ती बसवणार फक्त सासरे, आपल्या खोलीत, दार लावून. मुठीच्या पितळी खिळ्यावर त्यांची त्रिकोणाची खूण असायची. सूनबाई महिन्याला एक पातं पुरं करून त्यांच्यापुढे धरायची. ते नखाने टिचकी मारायचे, कान लावून ऐकायचे आणि "हं" म्हणून पातं कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. डबा भरला की भंगारवाल्याकडे स्वतः घेऊन जायचे. जड आहे, मी येते म्हटलं तरी ऐकायचे नाहीत.

पहिल्या वर्षी ती रडली, दुसऱ्या वर्षी चिडली, आणि पुढे तिने मोजणंच सोडून दिलं. एकदा मात्र धीर करून म्हणाली, "बाबा, कधीतरी बरं म्हणा की."

ते निखारे सारखे करत राहिले. मग म्हणाले, "माझ्या गुरूने मला एकदा शाबासकी दिली होती. पुढे वर्षभर माझा हात सैल पडला."

एवढं लांब बोलणं त्यांच्या तोंडून तिने ना त्याआधी ऐकलं, ना नंतर.

शेवटची काही वर्षं त्यांचे हात थरथरायचे. निम्मा चहा बशीत. तरी गिऱ्हाइकं सुऱ्या नेत होती, नावाजत होती. सकाळी ती शिवणाच्या दुकानात कामाला जायची, तेव्हा ते घडवत असणार. ज्यांना कप धरवत नाही ते हातोडा कसा धरतात, याचं तिला नवल वाटायचं. मुरलेला हात आहे, अशी ती आपली समजूत घालून घ्यायची.

गेल्या वर्षी ते गेले. त्यानंतरही तिने भट्टी पेटवली, पाती घडवली, टिचकी मारून ऐकली. पण ऐकून "हं" म्हणायला कुणी नव्हतं. त्या नकाराचीसुद्धा सवय लागते माणसाला. शेड खायला उठायची. अकरा वर्षांत एकाही पात्याला मूठ मिळाली नाही, आता कुणासाठी घाव घालायचे? तिने वेल्डरला निरोप धाडला.

टेम्पोची धूळ बसते न बसते तोच एक आचारी फडक्यात गुंडाळलेली सुरी घेऊन आला. खाणावळीतल्या कुणा शहाण्याने ती उकळत्या पाण्यात टाकली होती आणि मूठ तडकली होती. चार वर्षांपूर्वी म्हातारबुवांकडून घेतलेली. दुसऱ्या कुणाला आपण ती शिवू देत नाही, घरी जाताना कुलपात ठेवतो, असं तो कौतुकाने सांगत होता.

"मूठ बदलून देते," ती म्हणाली. "पण पात्याचं काम आता बंद झालं."

"तसलं पातं आता मिळणारही नाही, ताई."

"नाहीच मिळणार."

तिने टिचकी मारली. नाद लांबवर गेला, स्वच्छ. हेच तर आपल्याला जमलं नाही, असं तिच्या मनात आलं, आणि वाईट वाटण्याऐवजी म्हाताऱ्याचीच आठवण आली. आचाऱ्याला स्टुलावर बसवून तिने तोंड फिरवलं आणि कामाला लागली.

त्यांची मूठ ती पहिल्यांदाच काढत होती. त्यांच्या हयातीत असली दुरुस्ती त्यांनी कुणाला करू दिली नव्हती. खिळे ठोकून बाहेर काढले, लाकडाच्या दोन फाका उचकटल्या. आत पात्याची शेपटी, जुन्या डिंकाने काळी झालेली. शेपटीला पाणी देत नाहीत, ती मऊच राहते. कानशीच्या टोकाने तिने डिंक खरवडला, तसे लोखंडात ठोकलेले ठसे दिसू लागले. फडक्याने पुसून ती दाराशी उजेडात गेली.

थरथरत्या हाताने उमटवलेली वाकडीतिकडी अक्षरं होती: सूनबाईचं. एक्याऐंशीवं.