घुबडाचा चष्मा

इतवारीतल्या भंगारवाल्याकडून काहीबाही आणून मी पक्षी बनवते. या वेळचं घुबड झक्कास जमलं होतं. गळक्या कुकरचं पोट, तुटक्या नळाची चोच, कूलरच्या जुन्या ताटीतल्या गवताची पिसं. डोळे तेवढे जमेनात, म्हणून बाबा गेल्यापासून ड्रॉवरमध्ये पडून असलेला त्यांचा चष्मा लावून टाकला.

हल्ली सगळंच विसरलेली आई खोलीतून बाहेर आली, घुबडाकडे बघितलं आणि चटकन डोक्यावर पदर घेतला. तिला बाबा आठवले होते! "आई..." म्हणत मी तिचा हात धरला.

तो सोडवून घेत ती घुबडाला हळूच म्हणाली,

 

"अवो, हे बाई कोन आहे? केव्हाची बसून राहिली. इले घरी नाही जायचं का?"