बुजवलेला वैल

निजामाच्या राजवटीत निंबर्ग्याजवळच्या टेकाडाखाली दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव निघालं. तिथल्या एका घरातली चूल बघून खोदकामाचे साहेब कोड्यात पडले. चुलीला लागून कालवण ठेवायचा वैल होता, पण तो कुणीतरी मुद्दाम चिखलानं बुजवला होता.

"काही पूजाविधी असेल," म्हणत त्यांनी वहीत तसं लिहिलं.

मातीची पाटी उचलता उचलता राजूबाई थांबली. "न्हाई साहेब. ह्या बाईचा नवरा गेला आसंल. लेकरं बी नसतील."

साहेबांना हसू आलं. "एवढं कशावरून सांगायलीस?"

 

"एकटीसाठी कालवण कोण करतंय, साहेब? गेल्या साली मी बी माझा वैल आसाच बुजवलाय."