अप्पाच्या पंपावरची गर्दी

"खोटं कशाला बोललात ताहेरभाई? खरं सांगायला जीभ झडली होती का?"

"हळू बोल गं. अप्पा ऐकतेत."

"ऐकू द्या! वरीसभरात एकदा तरी इथं टेम्पो लावलात का? आन मॅडमला म्हणं, मी कायम इथंच डिझेल भरतो. कायम!"

ताहेरनं रुमालानं मान पुसली. "मग काय म्हणू? अप्पा समोर उभे. त्यांच्याच दारात त्यांची इज्जत काढू?"

"इज्जतीवर पंप चालत न्हाई!"

महादेवीला कळंना, येवढी साधी गोष्ट या माणसांच्या डोक्यात का शिरून न्हाई राहिली. निलंग्याहून कर्नाटकाकडं जाताना हद्दीच्या अलीकडचा हा शेवटचा पंप, तिच्या बापाचा, सिद्रामप्पांचा. हद्द ओलांडली की कर कमी, लिटरमागं दोन-तीन रुपये सुटतात. समदा गाव टाकी भरायला पलीकडं. इकडं अप्पा खुर्ची टाकून माश्या मारतेत. कामावरची पोरं कमी केली, नोझल आता तीच धरती. दसऱ्यापर्यंत असंच राहिलं तर पंपाला कुलूप.

आन आज बुद्धप्रिया मॅडम आल्या होत्या, सरकारला कराबद्दल सल्ला देणाऱ्या समितीकडून. बाई लातूरचीच, सरळ बोलणारी. चहा यायच्या आधीच म्हणाल्या, "मुंबईतले मोठे लोक म्हणतात, दोन रुपयांसाठी कुणी हद्द ओलांडत नाही. मला वाटतं, ओलांडतात. लोकांनी तसं सांगितलं, तर हद्दीवरच्या तालुक्यांत कर कमी करा म्हणून मी लिहीन."

"मी सांगते की," महादेवी म्हणाली होती.

"तुम्ही मालकाची मुलगी. तुमचं म्हणणं कोण धरणार? विक्री घटली म्हटलं, तर ते म्हणतील धंदाच नीट केला नसेल. गिऱ्हाइकानं बोललं पाहिजे."

गिऱ्हाइकानं बोलायचं. बास, येवढंच काम.

पण गावात बातमी गेली, अप्पाचा पंप बघायला सरकारी माणसं आलीत. झालं! मोटारसायकली, ट्रॅक्टर, सरजाबाईच्या पोराची जीप, समदे येऊन लाईनीत उभे. अप्पाची मान खाली जायला नको म्हणून. मॅडम एकेकाला विचारून राहिल्या आन एकेक जण छाती काढून सांगून राहिला.

"पलीकडं? छ्या! आपले अप्पा असताना?"

"पलीकडचं पेट्रोल लई पातळ असतंय मॅडम," नरसिंग म्हणाला. हा तर रोज पलीकडं भरणारा. म्हणून त्याला बरोबर माहीत, पातळ हाय का घट्ट.

मॅडमचा चेहरा उतरत चालला.

महादेवीनं बापाला ऑफिसच्या मागं गाठलं. "अप्पा, तुमी घरी जावा. तुमी हितं हायात तोवर कोणी खरं बोलणार न्हाई."

अप्पांची नजर लाईनीवरच. "किती दिवसांनी गर्दी झाली गं."

"ही गर्दीच पंप बंद करणार हाय, अप्पा!"

"माझ्यासाठी उन्हात उभे हायेत. आन मीच उठून जाऊ? बरं दिसतं का ते?"

त्यांनी जाऊन स्वतः नोझल उचललं. ताहेरचा टेम्पो म्होरं होता.

"ये ताहेर. आज मी भरतो."

"जरासंच टाका अप्पा," ताहेर घाईनं म्हणाला.

"जरासं का? फुल करतो की."

खट्ट. नोझल लगेच बंद पडलं. अप्पांनी परत दाबलं. खट्ट. तिसऱ्यांदा दाबून धरलं तसं डिझेल टाकीच्या तोंडातून उसळलं, अप्पांच्या धोतरावर, चपलांवर, खाली फरशीवर. मशीनवर अजून अर्धा लिटरबी झालं नव्हतं.

मॅडम उठून आल्या. आधी मशीनकडं बघितलं, मग ताहेरकडं.

"टाकी आधीच भरलेली होती का?"

महादेवीनं ताहेरवर नजर रोखली. आता तरी. आता तरी बोल रे बाबा.

"न्हाई न्हाई मॅडम." हे अप्पा बोलले. धोतर झटकत हसून राहिले होते. "माझाच हात चुकला. लई दिवसांनी धरलं ना. ताहेर आपलं जुनं गिऱ्हाईक. कुठं जाणार तो?"

महादेवीनं कपाळावर हात मारला. आगीसाठी टांगलेली वाळूची बादली ओढून काढली आन सगळी वाळू सांडलेल्या डिझेलवर ओतली. रिकामी बादली फेकली ती गडगडत नरसिंगच्या पायाशी गेली.

ताहेर टेम्पोत चढून बसला होता. अप्पा त्याच्या टाकीचं झाकण घट्ट लावून वरून फडक्यानं पुसत होते.

महादेवी जाऊन टेम्पोच्या म्होरं उभी राहिली. "बोलून जावा ताहेरभाई. एकच वाक्य. मॅडम हितंच हायेत."

ताहेरनं मॅडमकडं बघितलं. आरशात बघितलं, तिथं अप्पा वाकून पुसतच होते. त्यानं किल्ली फिरवली.

"सरक महादेवी," तो म्हणाला. "मला निघायचंय आता."