हद्दीतली शेळी

"कायद्यापुढे सारे प्राणिमात्र समान आहेत," पालिकेचे निरीक्षक खानविलकर गंभीरपणे म्हणाले. ते सकिनाबीच्या शेळीशी बोलत होते. शहरात शेळी पाळायला बंदी आली होती. सापडली की कोंडवाडा. आणि सकिनाबीचा तान्हा नातू या शेळीच्याच दुधावर होता.

"शहर नाक्यापासून पन्नास फुटांवर संपतं, साहेब. हिची खुंटी त्याच्या पलीकडे आहे. ती इथली नाय, चरायला तेवढी शहरात येते. तुमच्यासारखी."

खानविलकरांनी कापडी टेपचं टोक खुंटीला अडकवलं आणि मोजत नाक्याकडे निघाले. सकिनाबी मागोमाग. पंचेचाळीस फूट झाले, नाका दोन पावलांवर राहिला, आणि टेप एकदम ढिली पडली. खानविलकर मागे वळले. आवाज उतरला.

"चाची, तिच्या तोंडातून टेप सोडवता का जरा? सरकारी आहे."