ओट्याची उंची

पाचव्या घरातही मी आधी स्वयंपाकघरात गेलो आणि खिशातून टेप काढला. ओटा बरोबर अडीच फूट भरला.

बायको बुटकी होती. शहरातल्या घरी ओटा उंच, म्हणून तीस वर्षं पाटावर उभं राहून पोळ्या केल्या तिने. "गावात घर घेऊ तेव्हा ओटा माझ्या मापाचा बघा," एवढंच तिचं मागणं होतं. चैत्रात ती गेली.

"काका, इथून एसटीचा थांबा दोन किलोमीटर आहे," एजंट वैतागून म्हणाला. "रोज पुण्याला नोकरीवर कसे जाणार? कालचं घर थांब्यासमोरच होतं."

"त्याचा ओटा उंच होता."

"ओट्याचं काय घेऊन बसलात? पोळ्या काय तुम्ही लाटणार?"

मी ओट्याशी उभा राहिलो आणि लाटायला वाकतात तसा वाकलो. कंबरेतून कळ निघाली.

"हो, मीच," मी म्हणालो. "कालचं घर घेतो."

आता गाडी दारासमोर थांबते. ओटा माझ्या मापाचा आहे. तिचा पाट सामानाबरोबर आला, तो मी ओट्यापुढेच ठेवला. पोळ्या करताना पायात येतो. उद्या हलवू, असं रोज म्हणतो.