कानामागचा निळा

समजा, तुमच्यासमोर संगमरवराची एक बाई उभी आहे. दोन हजार वर्षांची, तरी नाक शाबूत. आणि तिच्या कानामागचा मळ काढायचं काम तुमच्याकडे आलंय. बिट्टीकडे तेच आलं होतं.

बिट्टीची आत्या संग्रहालयाच्या मागच्या खोलीत पुतळे साफ करत असे. काडीला कापूस गुंडाळायचा, पाण्यात बुडवायचा, हलकेच फिरवायचा. काळा झाला की काडी बादलीत टाकायची, नवी घ्यायची. कापूस पांढरा निघाला की तेवढी जागा झाली. या बाईचा चेहरा सकाळीच झाला होता. आता आत्या तिच्या पायांच्या बोटांशी बसली होती आणि बिट्टी शिडीवर होती, कारण कानामागच्या खाचेत आत्याची बोटं जात नव्हती.

"साहेबांना उद्या दार उघडायच्या आत दुधासारखी पांढरी हवीय," आत्या खालून म्हणाली. "झालं का?"

"नाही गं. कापूस पांढरा निघतच नाही."

"तुझ्या कानामागचा तरी कुठे निघतो? घास."

बिट्टी हसली नाही. पहिल्यांदाच तिला खरं काम मिळालं होतं. ते जमलं नाही, तर पुन्हा नुसता कापूस गुंडाळत बसावं लागणार होतं. तिने नवी काडी घेतली. मग आणखी एक. शेवटी ती काडी तिने उजेडाकडे धरली.

"आत्या, मळ निळा असतो का?"

आत्याचा हात थांबला. "काय म्हणालीस?"

"निळा. शाईसारखा."

"थांब! आता अजिबात घासू नकोस."

आत्या दुसरी शिडी ओढत घेऊन आली, वर चढली, डोळ्याला भिंग लावलं. बाईच्या केसांत एक फीत कोरलेली होती, ती कानामागून गेली होती. तिथे, अगदी खोल खाचेत, नखाएवढा निळा रंग उरला होता.

"मी पुसला?" बिट्टीचा आवाज बारीक झाला.

"घासायला मीच सांगितलं ना तुला." आत्या बराच वेळ भिंगातून बघत राहिली. "आपण समजत होतो, दगड तेवढा हिचा आणि बाकी सगळा मळ. अगं, ही तर नटूनथटून उभी होती!"

"मग उद्या?"

"उद्या दार उघडायचं नाही. साहेबांना मी सांगते. चिडतील, चिडू देत."

आत्या फोन करायला निघाली. दारातून मागे वळून म्हणाली, "तिला हात लावू नकोस हं."

बिट्टीने हात लावला नाही. ती शिडीवरून उतरली, निळी काडी जपून टेबलावर ठेवली. मग जमिनीवर वर्तमानपत्र पसरून तिने बादली उपडी केली आणि सकाळपासूनच्या काड्या एकेक करून बघायला बसली. काळी. काळी. करडी. काळी.

एक लाल निघाली.

ती तिने निळीच्या शेजारी ठेवली, आणि मान वर करून त्या बाईच्या पांढऱ्याशुभ्र ओठांकडे पाहिलं.